हिटीची वर्गणी

काठमांडूच्या खोऱ्यात त्या काळी माणसांचं झोपणं-उठणं भारनियमनाच्या तक्त्यावर चालायचं. सगळ्या वस्तीचे सात गट पाडलेले. कोणत्या गटाची वीज कोणत्या वारी किती वाजता जाणार आणि कधी येणार, हे वर्तमानपत्रात छापून यायचं. किराणा दुकानात गल्ल्याच्या वर तो कागद चिकटवलेला असायचा, पुढे मोबाइलवर त्याचं अ‍ॅपही आलं. हिवाळ्यात नद्या आटल्या की नवा तक्ता निघायचा आणि तो आधीच्यापेक्षा वाईटच असायचा. २००८-०९च्या हिवाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास वीज नसायची, हे तिथली माणसं जवळजवळ अभिमानाने सांगत. आम्ही गेलो तेव्हा आकडा थोडा खाली उतरला होता, त्यामुळे "फार चांगल्या वेळी आलात" असंच ज्याने त्याने ऐकवलं.

मी लातूरची. भारनियमन, टँकर, आठ-दहा दिवसांनी येणारा नळ या गोष्टी मला कुणी नव्याने शिकवायला नको होत्या. नवऱ्याला एका संस्थेत काम मिळालं म्हणून आम्ही पाटणला बिऱ्हाड केलं. पाटण म्हणजे कोयनेकाठचं नव्हे. बागमती ओलांडली की काठमांडूला खेटून जे शहर लागतं ते. कागदोपत्री ललितपूर. तिथले मूळचे रहिवासी नेवार, आणि त्यांच्या भाषेत ते यल. निघताना नातेवाइकांपैकी निम्म्यांनी "हिमालय काय सुंदर दिसत असेल" म्हटलं, उरलेल्यांनी "तिथे सगळं मिळतं ना?" असं विचारलं. हिमालय धुळीमुळे वर्षातले बरेच दिवस दिसत नाही. आणि सगळं मिळतं, पण ते वर चढवावं लागतं.

आमचं घर एका बहालात होतं. मधे फरसबंद चौक, चौकात चैत्य, आणि चारी बाजूंनी एकमेकांना खेटून उभी तीन-चार मजली विटांची घरं. मालकांच्या जुन्या घराला रस्त्याच्या अंगाने एक आंखीझ्याल होती: लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेली जाळीची खिडकी, चौकटीवर मोर आणि वेलबुट्टी. परदेशी पाहुणे खाली मान वर करून तिच्यापुढे उभे राहत आणि फोटो काढत. त्यांना न दिसणारी गोष्ट अशी की नेवारी घरात स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर, छपराखाली असतं. चूल पवित्र, म्हणून ती वर. म्हणजे पाण्याची प्रत्येक घागर वर. जिना म्हणजे जाड लाकडी शिडीच, आणि वरच्या चौकटीला डोकं न आपटता चढायला बराच सराव लागतो. मालकीण आजी सत्तरी ओलांडलेल्या. त्या चढत नसत, एकदा वर गेल्या की संध्याकाळपर्यंत वरच. पाणी चढवायची त्यांची सून. तिला मी दिदी म्हणायची आणि ती मला बहिनी.

नळाला पाणी यायचं, पण पाच-सहा दिवसांनी, तेही रात्री कधीतरी तासभर. त्याच वेळी वीज असली तर मोटर लावून टाकीत ओढायचं. वीज नसली तर बादल्या. वीज आणि पाणी एकाच वेळी आलं तर आजी खिडकीतून हाक मारत, "नानी, धारा आयो!" आणि सगळा बहाल जागा होई. एरवी भिस्त हिटीवर.

हिटी म्हणजे दगडी धारा. जमिनीच्या खाली चार-सहा हात खोल चौकोनी खड्डा, त्यात उतरायला पायऱ्या, आणि समोरच्या भिंतीतून बाहेर आलेली मकरमुखं. मकराची सोंड वर वळलेली, उघड्या जबड्यातून पाणी पडतं. बऱ्याच ठिकाणी मुखाच्या खाली भगीरथाची छोटी मूर्ती कोरलेली असते, ते पाहून मला पहिल्यांदा हसूच आलं. पाणी आणायचं काम कुणाचं होतं, हे इथे तरी लोक विसरले नाहीत! पाटणच्या दरबार चौकातली मंगहिटी सहाव्या शतकातली आहे आणि अजून वाहते. राजवाडे आले-गेले, पण तिच्यापुढे प्लास्टिकचे कॅन घेऊन माणसं उभीच आहेत.

या मुखांतून पाणी येतं कसं, हे मला पुढे एका निवृत्त अभियंत्यांनी सांगितलं. दक्षिणेकडच्या डोंगरातून, टिकाभैरवच्या बाजूने, राजकुलो नावाचा कालवा शहरापर्यंत आणलेला होता. तो शहराच्या कडेला मोठाली तळी भरी. तळ्यांतलं पाणी जमिनीत मुरून खालच्या वाळूच्या थरात जाई, आणि त्या थरातून विटांच्या बंदिस्त नाल्या हिटीपर्यंत. वाटेत वाळू-खडीच्या गाळण्या. नाल्यांचे सांधे काळ्या चिकणमातीने लिंपलेले. म्हणजे ती सुंदर मकरमुखं हा नुसता शेवटचा नळ. खरं काम मैलोन्‌मैल मातीखाली होतं. विसाव्या शतकात कालवा मोडला, तळी बुजवून त्यांवर इमारती आल्या, तळघरं खणली गेली आणि जिकडेतिकडे बोअर झाले. खोऱ्यातल्या शेकडो हिट्यांपैकी कितीतरी कोरड्या आहेत. त्यांची मकरमुखं तशीच आ वासून.

आमच्या गल्लीतल्या हिटीची दोन मुखं वाहती होती आणि एक नुसतं ठिबकायचं. पहाटे चारला रांग लागायची. माणसं नंतर येत, आधी भांडी येत. तांब्याच्या घागरी, निळे-पिवळे जेरीकॅन, कुणाचा तेलाचा डबा. कुणाचा कॅन कुठे आहे हे सगळ्यांना पाठ, आणि कुणी मधे घुसवला तर लातूरच्या टँकरपुढे होतात त्याच शब्दांची भांडणं, फक्त नेवारीत. मला शब्द कळत नसत पण सूर कळायचा. थंडीच्या दिवसांत जमिनीतून येणारं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं. त्यामुळे जानेवारीच्या पहाटे मुखातून पडणाऱ्या पाण्याची वाफ निघायची, खड्ड्यात धुकं साठायचं, आणि त्यात कुठे एखाद्या पणतीचा उजेड, कारण भरण्याआधी बायका मकराच्या कपाळाला टिळा लावून पणती ठेवत. मी तिथे उभी राहिले की थंडीने बोटं बधिर झालेली असत आणि तरी नजर हटत नसे. दिदीला मी एकदा म्हटलं, किती छान दिसतं हे. ती घागर कमरेवर चढवता चढवता म्हणाली, "हो. गुडघे नसते दुखत तर मलाही दिसलं असतं."

हे वाक्य मी त्यानंतर अनेकांना ऐकवलं आहे. पुण्याहून पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करायला येणारी मंडळी आमच्याकडे एखाददुसरा मुक्काम करत. संध्याकाळी गच्चीत चहा घेताना त्यांच्यातलं कुणीतरी हमखास म्हणे, "काही नाहीये बघ यांच्याकडे, पण चेहऱ्यावर समाधान कसलं!" या बोलण्याचा मला मनापासून तिटकारा आहे. काही नाही म्हणजे काय? ज्यांच्याकडे सहाव्या शतकातली पाणीव्यवस्था होती, त्यांच्याकडे काही नव्हतं असं नाही, त्यांचं गेलं. आणि समाधान म्हणाल तर पाहुण्यांसमोर हसायची पद्धत सगळीकडेच असते. गरिबी माणसाला सुंदर करते हा समज ज्यांना रात्री तीनला मोटर लावायला उठावं लागत नाही त्यांचाच असतो. मात्र याच्या उलट बोलणारेही मला तितकेच खोटे वाटतात. विमानतळापासून घरापर्यंत "कसला हा देश!" म्हणत नाकाला रुमाल लावून आलेले एक गृहस्थ आमच्या बहालातून चालत गेले आणि त्यांना चैत्यसुद्धा दिसला नाही.

आईला फोनवर सांगितलं की इथे मच्छिंद्रनाथाची यात्रा असते, तर ती म्हणाली, "आपले मच्छिंद्रनाथ? नवनाथांतले?" तेच. सांगली जिल्ह्यात ज्यांच्या नावाचा गड आहे तेच. पाटणची कथा अशी: शिष्य गोरखनाथ नागांवर आसन मांडून बसले, नाग अडकल्यामुळे बारा वर्षं पाऊस पडला नाही, म्हणून राजा, तांत्रिक आणि शेतकरी असे तिघे कामरूपाला जाऊन गुरूला घेऊन आले, गुरू येताच शिष्य उठून उभा राहिला आणि नाग सुटले. बारा वर्षांच्या दुष्काळाची कथा लातूरकराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. या रातो, म्हणजे लाल, मच्छिंद्रनाथाचा रथ दर वर्षी नव्याने बांधतात. साठ फुटांच्या आसपास उंच, वरचा सगळा डोलारा वेताने आवळलेला. लाकडाचं काम 'बाराही' म्हणवणाऱ्या सुतारांचं, वेत बांधायचं 'यंवाल' म्हणवणाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या. हा डोलारा अरुंद रस्त्यांतून डुलत जातो, घरांना घासतो, कलतो, आणि त्याच्या वाटेतल्या विजेच्या तारा आधी काढून ठेवाव्या लागतात. म्हणजे तक्त्यातलं भारनियमन वेगळं आणि देवाचं वेगळं. त्या रात्री तक्रार मात्र कुणी करत नाही. पाऊस आणणारा देव जातोय म्हटल्यावर चार तास अंधार काय मोठा.

दर बारा वर्षांनी ही यात्रा बुंगमती गावापासून निघते. २०१५ हे तसं बारावं वर्ष होतं. रथ वाटेत असतानाच २५ एप्रिलला भूकंप झाला.

शनिवार होता, दुपारचे बारा वाजायला आले होते. शाळांना सुटी होती म्हणून हजारो मुलं वाचली. आम्ही चौकात पळालो आणि चैत्याभोवती एकमेकांना धरून बसलो. ७.८ तीव्रतेचा धक्का, देशभर जवळपास नऊ हजार माणसं गेली. बुंगमतीचं मच्छिंद्रनाथाचं मंदिर पडलं, रथ रस्त्यातच अडकून राहिला आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा ओढला गेला. आमच्या खालच्या खोलीत सिंधुपाल्चोकची एक तामांग बाई भाड्याने राहायची, नवरा मलेशियात, ती चौकाच्या तोंडाशी भाजी विकायची. सर्वांत जास्त माणसं त्या जिल्ह्यात गेली. तिच्या गावातली तिची सासू आणि दोन म्हशी गेल्या. बातमी कळल्यावर ती आधी म्हशींबद्दल रडली. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही; म्हशींवर कर्ज होतं.

मला मात्र त्या दुपारी सारखी किल्लारी आठवत होती. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट होत असताना. मी लहान होते. लातुरात आमचं घर हललं पण उभं राहिलं; मावशीचं गाव मात्र राहिलं नाही. तिकडची घरं देखणी होती. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, वर मातीचं जाड माळवद, उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की गारवा. त्याच भिंती आणि तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. नंतर गावं उठवून दुसरीकडे वसवली, रांगेत, चौकोनी, एकासारखं एक घर. मावशी शेवटपर्यंत म्हणायची, "उन्हाळ्यात भाजतं गं, पण दगडाची भिंत नको." माझ्या ओळखीच्या वास्तुरचनाकारांना ही नवी गावं कुरूप वाटतात. वाटतात तशी ती आहेतही. पण दगडी भिंतीखालून ज्याने आपलं माणूस उपसलं आहे त्याला परंपरेचं सौंदर्य समजावून सांगायला मी जाणार नाही.

पाटणमध्येही मातीत रचलेल्या विटांची जुनी घरं पडली, माणसं गेली. पण तिथे एक वेगळी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. दरबार चौकातली हरिशंकर आणि चारनारायण ही दोन मंदिरं पूर्ण कोसळली होती, मंगहिटीजवळचे मणिमंडपही. धक्के अजून बसत होते, लोक मैदानात ताडपत्रीखाली झोपत होते, आणि त्याच दिवसांत आसपासची पोरं, पोलीस, सैनिक आणि जतनाचं काम करणारी माणसं ढिगाऱ्यातून कोरीव लाकूड वेचून संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवत होती. छपराला टेकू देणारे टुंडाल, त्यांवरचे अनेक हातांचे देव, खांबांचे तुकडे, दाराच्या चौकटी. रांगेत मांडलेले, मोजलेले. चोरीला जाऊ नयेत म्हणून रात्री पहारा. पुढच्या काही वर्षांत ती मंदिरं पुन्हा उभी राहिली, जुनं लाकूड शक्य तिथे परत बसवून, जिथे नव्हतं तिथे सुतारांनी नवं कोरून. आतून आता त्यांना जास्त बळकटी आहे. कोरणारे हात अजून जिवंत आहेत, त्यांना हे काम येतं आणि त्याची मजुरी मिळते, म्हणून हे झालं. किल्लारीच्या बाजूला माळवद न पडेल असं बांधून दाखवणारा गवंडी कुणी शोधलाच नाही, की शोधायला उसंत नव्हती, हे मला अजून कळलेलं नाही.

भूकंपाचं वर्ष तिथेच संपलं असतं तर बरं. २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या मैदानी पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलेलं होतं, आणि भारताकडून येणारे ट्रक सीमेवर अडकले. नेपाळ म्हणे ही भारताची नाकेबंदी, भारत म्हणे आम्ही काही बंद केलेलं नाही. मधे चूल विझली ती सगळ्यांची. गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं कमी, बसच्या छपरावर माणसं. विजेवरची शेगडी घ्यावी तर वीज तक्त्याप्रमाणे. आम्ही भारतीय. रोज ज्याच्याशी गप्पा मारायचे तो टॅक्सीवाला एक दिवस म्हणाला, "तुमच्या सरकारला विचारा ना, बहिनी." तो रागावलेला नव्हता, त्यामुळे उत्तर देणं जास्त अवघड झालं. न्यू रोडच्या बाजूला आमच्या ओळखीचं विट्याकडचं एक गलाईवाल्यांचं कुटुंब होतं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने ही माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तशी काही इकडेही आली. त्यांच्याकडे गेलो तर वहिनी कोळशाच्या शेगडीवर भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "आमच्या आजीनं असंच केलं, मला काय अवघड आहे?" आणि पुढच्याच वाक्याला पोराच्या खोकल्याची तक्रार.

आमच्या बहालात स्वयंपाक गच्चीत सरपणावर सुरू झाला. सरपण म्हणजे पडलेल्या घरांचं लाकूड, ते मुबलक होतं. एका संध्याकाळी मी दिदीला काटक्या लावून देत होते. हातात एक तुकडा आला, वीतभर रुंद, त्यावर कमळाच्या पाकळ्यांची ओळ. पाकळ्यांच्या कडा अजून धारदार. मी तो बाजूला ठेवला. आजींनी तो उचलला, उलटा केला, मागची बाजू नखाने टोकरली, पिठासारखा भुगा पडला. "किडलाय," त्या म्हणाल्या आणि चुलीत घातला. भात व्हायचा होता. मी काही बोलले नाही. मला तो बैठकीत ठेवायचा होता; त्यांच्या घरात तशा पाकळ्या जिन्यापासून देवघरापर्यंत होत्या, आणि त्यांतल्या ज्या टिकण्यासारख्या होत्या त्यांना दर वर्षी तेल लावायचं काम त्यांच्याच हाताचं होतं.

त्याच नोव्हेंबरात तिहार आला, म्हणजे आपली दिवाळी. पाडव्याला नेवारांचं नवं वर्ष लागतं आणि त्या रात्री म्ह पूजा असते, स्वतःच्या देहाची पूजा. जमिनीवर तेल आणि तांदळाच्या पिठाने ओळीने मंडलं काढतात, घरातल्या प्रत्येकासाठी एक. प्रत्येकाने आपल्या मंडलासमोर बसायचं. त्यावर झेंडू आणि मखमलीची माळ, अक्रोड, महाळुंग, आणि सुताची लांब वात पेटवून ठेवायची. आम्हाला दाराशी पाट दिला होता. दिदीने चार माणसांसाठी पाच मंडलं काढली. पाचवं सिडनीला शिकायला गेलेल्या धाकट्याचं, त्यासमोर रिकामं आसन. वीज नव्हती, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आजींनी प्रत्येकाला टिळा लावला, हातात अंडं, मासा आणि ऐला दिली. ऐला म्हणजे घरी गाळलेली दारू, आणि ती उंचावरून धार धरून वाट्यांत ओतायची एक पद्धत असते, त्यात आजींचा हात थरथरला नाही. धाकट्याच्या मंडलावरची वात इतरांइतकीच जळू दिली. मग दिदीने त्याच्या वाटणीचे अक्रोड एका पिशवीत बांधले आणि नवऱ्याला विचारलं, डिसेंबरात सिडनीला कोण चाललंय? खालच्या तामांग बाईंच्यात ही पूजा नसते, पण तिलाही बोलावून फराळ दिला. देशाच्या उत्पन्नाचा साधारण पाव हिस्सा बाहेर गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशांचा. त्या देशात रिकामं आसन न मांडता सण करणारी घरं शोधावी लागतील.

मी त्या रात्री गच्चीवर गेले. खाली सगळ्या खिडक्यांत पणत्या, वर तारे, आणि कुठेही दिव्याचा खांब पेटलेला नाही. असं दृश्य मी परत पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षी ते दिसलंही नाही, कारण सप्टेंबर २०१६मध्ये वीज प्राधिकरणाची सूत्रं कुलमान घिसिंग यांच्याकडे आली आणि त्या लक्ष्मीपूजनाला काठमांडूची वीज गेली नाही. नंतरही गेली नाही. तेवढ्या दोन महिन्यांत काही नवं धरण झालं नव्हतं. भारतातून येणारी वीज वाढली होती, हे खरं. पण त्याचबरोबर काही कारखान्यांना चोवीस तास मिळणारी वीज इतरांबरोबर वाटली गेली. म्हणजे आपण ज्याला निसर्गाचा नाहीतर नशिबाचा भाग समजत होतो, त्यातला बराचसा कुणाच्या तरी टेबलावरचा निर्णय होता. लोक रस्त्यावर नाचले. ताऱ्यांची आठवण एकानेही काढली नाही. मी काढली, घरी आल्यावर, नवऱ्यापाशी, तो म्हणाला, "आधी गीझर लाव."

त्याआधीच्या उन्हाळ्यात लातुरात पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आईने फोनवर ती गाडी पाहायला गेलेल्या माणसांचं वर्णन केलं, कुणी तिला हार घातला, कुणी नारळ फोडला. हिटीच्या मकराला टिळा लावणाऱ्या बायका मला तेव्हा फार जवळच्या वाटल्या.

आम्ही २०१७मध्ये परत आलो. मेलम्ची नदीचं पाणी काठमांडूला पोचलं ते मार्च २०२१मध्ये, डोंगरातून २६ किलोमीटरच्या आसपास बोगदा खणून, वीस वर्षांच्या वाटेनंतर. दिदीने नळाचा व्हिडिओ पाठवला. जूनमध्ये मेलम्चीला पूर आला आणि बोगद्याच्या मुखाशी बांधलेलं सगळं गाळाखाली गेलं. त्यानंतर तिने काही पाठवलं नाही, मीही विचारलं नाही.

हिटी मात्र चालू आहे. दर ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला, पावसाच्या तोंडावर, सिथि नखः असते. त्या दिवशी विहिरी, तळी आणि हिट्या उपसून साफ करायच्या. नाग त्या दिवशी आपल्या पूजेला गेलेले असतात, तेव्हा पाण्यात उतरलं तरी चालतं, असा समज. गाळ काढून झाला की उडदाचे वडे. काम कुणी करायचं, पैसा कुठून यायचा, हे पूर्वी गुठीकडे असे: जमिनीच्या उत्पन्नावर देवळं, यात्रा, पाणी सांभाळणारं मंडळ. २०१९मध्ये सरकारने गुठींचा कारभार बदलणारं विधेयक आणलं, तेव्हा हजारो माणसं काठमांडूच्या रस्त्यांवर उतरली आणि ते मागे घ्यावं लागलं. आजी त्या मोर्चाला गेल्या नाहीत, पण घरातल्या सगळ्यांना त्यांनी पाठवलं.

यंदा सिथि नखःच्या दुसऱ्या दिवशी सिडनीहून परतलेल्या धाकट्याचा फोन आला. पलीकडच्या गल्लीत हॉटेलसाठी तळघर खणलंय, त्यामुळे दुसऱ्या मुखाचं पाणी निम्म्यावर आलंय, वॉर्डात अर्ज दिलाय, तीन वेळा जाऊन आलो. गाळ या वेळी फार निघाला. घरटी हजार रुपये काढले. मी म्हटलं, छान केलंत. तो म्हणाला, "आजीने तुमच्या नावावरपण लिहिलेत. विट्याची वहिनी पुढच्या आठवड्यात गावाहून यायच्यात, त्यांच्याकडे द्या. आणि नेपाळी हजार हं, भारतीय नव्हेत, नाहीतर आजी मोड परत पाठवत बसेल."